सीतेच्या तोंडच्या म्हणी

जुनी वही

गेलं वर्षभर रोज रात्री जेवणं आटोपली की वाल्मीकी रामायणाचे दोन सर्ग वाचते. एका बाजूला मूळ, दुसऱ्या बाजूला मराठी भाषांतर, मांडीवर शब्दकोश. सुंदरकांडात पोचले आणि एक गोष्ट अशी नजरेस पडली की ती इथे मांडल्याशिवाय राहवत नाही.

सीता म्हणी वापरते.

सुभाषितांबद्दल बोलत नाहीये मी. रामायण-महाभारतात सुभाषितांना तोटा नाही, शाळेच्या फळ्यावर रोज एक लिहिलं तरी वर्षानुवर्षं पुरतील. मला म्हणायचंय ते बोलता बोलता माणूस 'लोक म्हणतात ते खरंच' असं म्हणून जे उचलतो, त्याबद्दल. माझी आजी वाक्याआधी 'म्हणतात ना' लावायची. म्हणतात ना, दुष्काळात तेरावा महिना. म्हणतात ना, हत्ती गेला नि शेपूट राहिलं. कोण म्हणतं, हे तिला विचारावंसं मला कधी वाटलं नाही. सीतेच्या बोलण्यात नेमकं हेच 'म्हणतात ना' आहे, आणि तेही एकाच अशोकवनात, थोड्याच अवधीत, पुन्हा पुन्हा.

पहिली म्हण. रावण नुकताच धमकी देऊन गेलाय. दोन महिन्यांची मुदत, नाहीतर माझ्या न्याहारीसाठी स्वयंपाकघरात तुला कापतील. भोवती राक्षसिणी भेवडावताहेत. सीता रडत म्हणते:

लोकप्रवादः सत्योऽयं पण्डितैः समुदाहृतः ।
अकाले दुर्लभो मृत्युः स्त्रिया वा पुरुषस्य वा ॥

वेळ आल्याशिवाय मरण मिळत नाही, बाईला काय आणि पुरुषाला काय, हा लोकप्रवाद खरा आहे. आपण हेच धीर द्यायला वापरतो. अपघातातून कुणी वाचलं की 'काळ आला होता पण वेळ आली नव्हती'. सीतेच्या तोंडी मात्र ती तक्रार आहे. रामावाचून, या बायांच्या तावडीत, मी अजून जिवंत कशी? तीन सर्गांनी ती पुन्हा हेच म्हणते आणि स्वतःच्या वेणीने गळफास घेण्याच्या विचारापर्यंत येते.

दुसरी म्हण. हनुमान येतो, मी रामाचा दूत आहे म्हणतो, राम खुशाल आहे, त्याने तुझी खुशाली विचारली आहे, लक्ष्मणाने वंदन सांगितलं आहे म्हणतो. त्यावर तिच्या तोंडून निघतं:

कल्याणी बत गाथेयं लौकिकी प्रतिभाति मे ।
एति जीवन्तमानन्दो नरं वर्षशतादपि ॥

माणूस जिवंत राहिला तर शंभर वर्षांनी का होईना, आनंद त्याच्याकडे येतो. लोकांतली ही गाथा आज मला किती मंगल वाटते आहे! 'लौकिकी' हा शब्द तिचा स्वतःचा. मघाशी जीव जात नाही याचं दुःख, आता जीव राहिला याचा आनंद. पहिल्या म्हणीला दुसरीने उत्तर दिलं आणि दोन्ही तिच्याच तोंडच्या. लगेच पुढच्या काही श्लोकांत हनुमान जवळ सरकतो आणि तिला शंका येते की हा वेषांतर केलेला रावण तर नव्हे? आनंद झाला म्हणून तिने सावधपणा सोडलेला नाही.

तिसरी माझी सर्वांत लाडकी. हनुमान अशोकवन मोडून टाकतो. राक्षसिणी धावत येऊन सीतेला विचारतात, हा कोण, कुठून आला, तुझ्याशी काय बोलत होता? सीता म्हणते, हवं ते रूप घेणाऱ्या राक्षसांना ओळखणारी मी कोण? तुम्हीच ओळखा.

अहिरेव ह्यहेः पादान् विजानाति न संशयः ।

सापाचे पाय सापालाच ठाऊक. मलाही याची भीतीच वाटते, हा कोणी राक्षसच असणार. म्हणजे इथे ती चक्क खोटं बोलते, आणि ते खोटं झाकायला म्हण पुढे करते. म्हणीला कोण उलटून प्रश्न विचारणार? घराघरांतल्या बायकांनी ही युक्ती किती पिढ्या वापरली असेल.

'म्हण' हा शब्द 'म्हणणे' वरून आला. 'प्रवाद' हा 'वद्' धातूवरून, त्याचाही अर्थ बोलणंच. नाव एकाच रीतीने पडलंय. तुम्ही महाकाव्यं वाचताना अशा जागा पाहिल्यात का, जिथे पात्र 'लोक असं म्हणतात' असं सांगून बोलतं? आणि 'एति जीवन्तमानन्दो' या ओळीला आपली मराठी म्हण कोणती?

पिंपळपान

धागा फार आवडला. अयोध्याकांडातली एक जागा लगेच आठवली. राम वनात निघतो आहे आणि कैकेयी ढिम्म हलत नाही. दशरथाचा सारथी सुमंत्र संतापाने दात खात बोलतो:

न हि निम्बात् स्रवेत् क्षौद्रं लोके निगदितं वचः ।

कडुनिंबातून मध पाझरत नाही, असं लोकांत बोललं जातं. हे तुमचं 'म्हणतात ना'च झालं. त्याच्या आधीचा दाखला असा की आंबा कुऱ्हाडीने तोडून कडुनिंबाला दूध घालून वाढवला तरी तो काही गोड होत नाही. आपलं 'कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच' शब्दाशब्दाला शेजारी बसतं. मग सुमंत्र कैकेयीच्या आईची गोष्ट काढतो. तिच्या नवऱ्याला पशुपक्ष्यांची भाषा कळायची, ते गुपित सांगितलं तर त्याचा जीव जाणार होता, तरी ती सांगच म्हणून हटून बसली आणि त्याने तिला टाकलं. आणि शेवटी दुसरा 'लौकिक प्रवाद': मुलगे बापावर जातात, मुली आईवर. खाण तशी माती.

मला ही जागा वाचताना त्रास होतो. सीता म्हण स्वतःसाठी वापरते, सुमंत्र ती दगडासारखी फेकतो. मेलेल्या किंवा दूर राहिलेल्या आईचा उद्धार करून मुलीला गप्प करणं मी माझ्या घरातच ऐकलंय. अडीच हजार वर्षांत ते वाक्य बदललेलं नाही.

कावेरीकाठ

मी बरीच वर्षं तामिळनाडूत आहे. सापाच्या पायांची म्हण इथे आजही रोजच्या बोलण्यात आहे: 'पांबिन काल पांबरियुम', सापाचे पाय साप जाणतो. माझ्या शेजारच्या आजी ती वापरतात. हे सीतेचं वाक्य आहे असं त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, सीता काय, आमची आईही म्हणायची. मराठीत आपण साप सोडून चोर घेतला: चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक.

चौकट

श्लोकांचे सर्ग द्याल का? माझ्याकडे जुनी प्रत आहे, तिच्यात पडताळून पाहायचं आहे.

जुनी वही

सुंदरकांड सर्ग २५ आणि २८ (मरणाची म्हण), ३४ (आनंदाची), ४२ (सापाची). सुमंत्राचं भाषण अयोध्याकांड ३५. बडोद्याच्या चिकित्सक आवृत्तीत क्रमांक थोडे मागेपुढे होतील.

पिंपळपान, तुमचं बरोबर आहे. पण त्या सर्गाचा शेवट पाहिलात? एवढं सगळं ऐकून कैकेयी क्षुब्ध झाली नाही, तिच्या चेहऱ्याचा रंगही बदलला नाही, असं कवी स्पष्ट सांगतो. तो दगड तिला लागलाच नाही.

कृष्णाकाठ

इथून मला महाभारत आठवलं. विदुरनीती घरोघरी असते. माझ्या वडिलांकडे खिशात मावेल अशी छोटी पुस्तिका होती. त्यात एकापाठोपाठ एक वचनं: पंडित कोण, मूर्ख कोण, राजाने काय टाळावं. ते सगळं कधी, कुठे, कुणाला सांगितलंय हे पुस्तिकेत नव्हतं. मूळ उद्योगपर्व वाचलं तेव्हा कळलं की तो प्रसंग एका रात्रीचा आहे. संजय पांडवांकडून परत आलाय, निरोप उद्या सभेत सांगतो म्हणून झोपायला गेलाय. धृतराष्ट्राला झोप येत नाही. तो विदुराला बोलावतो. त्या उपपर्वाचं नावच प्रजागर, म्हणजे जागरण.

आणि विदुर सुरुवात कशाने करतो?

अभियुक्तं बलवता दुर्बलं हीनसाधनम् ।
हृतस्वं कामिनं चोरमाविशन्ति प्रजागराः ॥

बलवानाशी गाठ पडलेला दुबळा, साधनं नसलेला, सर्वस्व गमावलेला, कामातुर आणि चोर, यांना झोप लागत नाही. पुढे हळूच विचारतो, महाराज, यातलं काही तुम्हाला झालेलं नाही ना? परक्याच्या धनाची हाव धरून तर जळत नाही ना? पुस्तिकेत ही निद्रानाशाची यादी आहे. मुळात तो पुतण्यांचं राज्य दाबून बसलेल्या थोरल्या भावाच्या तोंडावर, मध्यरात्री, धाकट्या दासीपुत्र भावाने टाकलेला शब्द आहे: चोर. असं थेट बोलण्याची सोय त्याला त्या श्लोकाने दिली. जुनी वही यांच्या सीतेसारखंच. म्हणीच्या आडून बोलता येतं.

आठ अध्याय विदुर बोलतो. शेवटी धृतराष्ट्र म्हणतो, तू सांगतोस ते खरं, माझी बुद्धीही पांडवांकडे वळते, पण दुर्योधन समोर आला की ती पुन्हा फिरते. दैव कुणाला ओलांडता येत नाही, पौरुष व्यर्थ आहे. आठ अध्यायांच्या शहाणपणाला त्याने एका म्हणीने उत्तर दिलं! मी तो श्लोक वाचून पुस्तक मिटून बसलो होतो. वडिलांची आठवण आली, कारण तेही 'नशिबात असतं तेच होतं' म्हणून नेमक्या तिथेच थांबायचे जिथे निर्णय घ्यायला हवा होता.

देवराई

सर्वांचं वाचलं. थोडं वेगळं मत मांडतो.

म्हण कुणी, कधी म्हटली हे कळल्याने ती समृद्ध होते, हे मान्य. पण बोलणाऱ्यापासून सुटणं हेच म्हणीचं बळ आहे. हा श्लोक पाहा:

सुलभाः पुरुषा राजन् सततं प्रियवादिनः ।
अप्रियस्य तु पथ्यस्य वक्ता श्रोता च दुर्लभः ॥

गोड बोलणारी माणसं सहज मिळतात. कडू पण हिताचं सांगणारा आणि ऐकणारा, दोन्ही दुर्मीळ. रामायणात मारीच हे रावणाला सांगतो. पुढे बिभीषण तेच रावणाला सांगतो. महाभारतात विदुर तेच धृतराष्ट्राला सांगतो. तीन माणसं, दोन महाकाव्यं. ही वचनं कवींनी पात्रांसाठी घडवली नाहीत, ती लोकांत वाहत होती, ज्याला गरज पडली त्याने ओंजळ भरून घेतली. शांतिपर्वात भीष्म पुन्हा पुन्हा 'याविषयी हा जुना इतिहास सांगतात' असं म्हणूनच गोष्टीला हात घालतात. मग आज एखादी शिक्षिका तोच श्लोक फळ्यावर लिहिते, तेव्हा तीही चौथी ओंजळच भरत असते. तिला प्रसंग ठाऊक असलाच पाहिजे असा आग्रह मला पटत नाही.

सांजवात

देवराई, ओंजळीची कल्पना सुंदर आहे. पण काही वचनांचा प्रसंग हरवला की अर्थच बदलतो.

'यतो धर्मस्ततो जयः' घ्या. आपल्या सर्वोच्च न्यायालयाचं ते बोधवाक्य आहे. महाभारतात ते अनेकांच्या तोंडी येतं. पण स्त्रीपर्वात व्यास गांधारीला एक आठवण करून देतात. शंभर मुलगे मेलेत, ती पांडवांना शाप द्यायच्या बेतात आहे. व्यास म्हणतात, युद्धाचे अठरा दिवस तुझा मुलगा जय मागत तुझ्याकडे येत होता, आई मला शुभ चिंत म्हणत होता, आणि प्रत्येक वेळी तू म्हणालीस: यतो धर्मस्ततो जयः.

पोटचा मुलगा लढाईला निघालाय, आशीर्वाद मागतोय. आई 'विजयी हो' म्हणू शकत नाही, 'हरशील' असंही म्हणू शकत नाही. खोटं न बोलता, शाप न देता, म्हणता येण्यासारखं एवढं एकच वाक्य तिच्यापाशी होतं. अठरा दिवस तिने ते म्हटलं आणि दरवेळी त्याचा अर्थ तिला कळत होता. मला दोन मुलगे आहेत. हा भाग वाचल्यापासून ते वाक्य कुठेही कोरलेलं दिसलं की मला आधी तो दरवाजा दिसतो.

पिंपळपान

सांजवातताई, अंगावर काटा आला.

चौकट

'अहिंसा परमो धर्मः' बद्दल सांगतो, कारण त्याचा दुसरा चरण म्हणून 'धर्महिंसा तथैव च' सगळीकडे फिरतो. तो चरण महाभारतात नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात शेकडो हस्तलिखितं ताडून जी चिकित्सक आवृत्ती केली, तिच्यात हे वचन आदिपर्वात, वनपर्वात, अनुशासनपर्वात वेगवेगळ्या पूर्तींनी येतं. हा चरण कुठेच जोडलेला नाही.

आणि बोलणारे कोण? आदिपर्वात डुंडुभ नावाचा बिनविषारी सापासारखा जीव. रुरू या ऋषिपुत्राच्या वाग्दत्त वधूला, प्रमद्वरेला, साप चावला होता म्हणून तो दिसेल त्या सापाला काठीने मारत सुटलेला. काठी उगारलेल्या रुरूला डुंडुभ थांबवतो आणि मग हे सांगतो. वनपर्वात मिथिलेतला मांस विकणारा धर्मव्याध. एक काठीखाली आलेला, एक मांस विकणारा. सोयीचा चरण जोडणाऱ्यांनी हे दोघं वाचलेले नसावेत असं मला वाटतं.

अबोली

मी फक्त एक कबुतर घेऊन आले आहे. 'न गृहं गृहमित्याहुर्गृहिणी गृहमुच्यते' हे वाक्य किती लग्नांत, वास्तुशांतींत ऐकलं असेल! घराला घर म्हणत नाहीत, घरधनीण म्हणजे घर. शांतिपर्वात हे एक नर कबुतर म्हणतं. वादळी पावसाची रात्र आहे, मादी परतलेली नाही, आणि तो ढोलीत एकटा विलाप करतो आहे. तिला पकडणारा पारधी त्याच झाडाखाली कुडकुडत पडलाय, पिंजऱ्यातून ती हे सगळं ऐकते आहे. ती काय म्हणते? मला सोडव म्हणत नाही. हा आपल्या दारी आलेला पाहुणा आहे, याचं आतिथ्य कर म्हणते. नर शेकोटी पेटवतो, खायला द्यायला काही नाही म्हणून स्वतः आगीत उडी घेतो.

गृहप्रवेशाला ते वाक्य म्हणायला माझी हरकत नाही. पण 'म्हणत नाहीत' हे क्रियापद पाहा, 'आहुः'. तेही लोकांचंच बोलणं, कबुतराने उचललेलं.

कृष्णाकाठ

एक गोष्ट लक्षात येते आहे. सुमंत्राची म्हण कैकेयीवर चालली नाही. विदुराच्या धृतराष्ट्रावर नाहीत. मारीच रावणाला सांगून थकला आणि शेवटी सोन्याचं हरीण व्हायला स्वतःच निघाला. उपदेश म्हणून जी म्हण दुसऱ्याला दिली ती बहुतेक वाया गेली. महाकाव्यांतल्या राजांना शहाणपण कमी मिळालं नाही, मिळालेलं पोचलं नाही.

अपवाद एकच आठवतो, विदुला. मुलगा सिंधुराजाकडून हरून घरी येऊन पडलाय. ती त्याला म्हणते, 'मुहूर्तं ज्वलितं श्रेयो न तु धूमायितं चिरम्'. क्षणभर भडकून जळणं बरं, फार काळ धुमसत राहणं नको. तो उठतो. ही कथा कुंती कृष्णाकरवी आपल्या मुलांना सांगून पाठवते, म्हणजे एका आईचे शब्द दुसऱ्या आईने वापरले. इथे देवराईंची ओंजळ खरी ठरते.

देवराई

कृष्णाकाठ, विदुलेचं ऐकलं जातं कारण ती मुलाच्या सुखासाठी बोलत नाही, त्याला दुखवायला तयार आहे. हितकर कडू बोलणारा आणि ऐकणारा दोघेही एकदाच एका घरात भेटले.

सांजवातताईंनी सांगितलेल्या गांधारीबद्दल मात्र माझ्यापाशी उत्तर नाही. ते वाक्य त्या प्रसंगातून सोडवता येत नाही, हे मान्य करतो.

धागाकर्तीने मराठी जोड विचारली होती. बुराडी घाट, १० जानेवारी १७६०, जखमी दत्ताजी शिंदे: 'बचेंगे तो और भी लडेंगे'. शब्द हिंदी, पण आपल्या घरात म्हणीसारखे बोलले जातात. आणि आता लिहिताना जाणवलं की हे वाक्य आपण दत्ताजींचं नाव घेतल्याशिवाय कधीच म्हणत नाही.

जुनी वही

देवराई, हे मला सुचलं नसतं. मात्र दत्ताजींच्या 'बचेंगे'त लढाई आहे, सीतेच्या 'जीवन्तम्'मध्ये नुसतं टिकून राहणं आहे. तिच्या हातात तेवढंच होतं. त्यामुळे जोड अजून शोधतेच आहे.

दरम्यान वाचन युद्धकांडाच्या शेवटाकडे आलं आणि काल रात्री तीच ओळ पुन्हा भेटली. रावण मेलाय, राम परतीच्या वाटेवर आहे, हनुमानाला पुढे पाठवलंय. नंदिग्रामात भरत जटा वाढवून, कृष्णाजिन नेसून, पादुकांपुढे बसून कारभार करतो आहे. चौदा वर्षांची मुदत संपत आली आहे. हनुमान सांगतो, राम येतो आहे. भरत म्हणतो, किती वर्षांनी माझ्या स्वामीचं नाव असं आनंदाचं ऐकतो आहे, आणि मग:

कल्याणी बत गाथेयं लौकिकी प्रतिभाति मे ।
एति जीवन्तमानन्दो नरं वर्षशतादपि ॥

अक्षर न् अक्षर तेच. सीतेने लंकेत ते म्हटलं हे भरताला ठाऊक असण्याचं कारण नाही. दोघांचं ऐकलं ते एकट्या हनुमानाने. तो त्यावर काही बोलत नाही. भरत त्याला दर्भासनावर बसवतो, राम आणि वानरांची गाठ कशी पडली ते विचारतो, आणि हनुमान वनवासाची सगळी हकिगत पहिल्यापासून सांगायला घेतो.